भाऊंच्या दुकानातलं जायफळ

आमच्या घरात सुरणाची भाजी कोणालाच आवडत नाही. तरीही रायपूरच्या सदर बाजाराच्या मागच्या आमच्या गल्लीत कितीतरी वर्षं मी सुरणवाला म्हणून प्रसिद्ध होतो. रस्त्याच्या पलीकडून, स्कूटरींच्या गर्दीवरून खणखणीत आवाज यायचा, "साहेब, तुमचा सुरण आला हो! घेऊन जा!" आणि मी ऑफिसची बॅग सावरत, मान खाली घालून औषधाच्या दुकानाकडे वळायचो.

औषधाच्या दुकानात सुरण कसा, हा प्रश्न नवख्या माणसाला पडेल. आमच्या पाऱ्यात, म्हणजे इकडच्या भाषेत मोहल्ल्यात, तो कोणाला पडत नसे. सुरण म्हणजे मूळव्याध, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

दुकान भाऊंचं. त्यांचं खरं नाव मला आजतागायत कळलेलं नाही. पाटीवर त्यांच्या आईचं नाव होतं, आणि त्यांना नाव विचारलं की ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "नाव काय करता? औषध घ्या." मूळचे ते आमच्यासारखेच वऱ्हाडाकडचे. पण कोणत्या गावचे, हे विचारलं तरी उत्तर हेच. उंच, वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि बोलताना तोंडावर आडवा धरलेला हात, जणू समोरच्या भिंतीला ओठांच्या हालचाली वाचता येत होत्या.

भाऊंचा एकच धर्म होता. कोणाला काय झालंय हे तिसऱ्या माणसाला कळता कामा नये. त्यासाठी त्यांनी औषधांना टोपणनावं दिली होती. शुगरची गोळी म्हणजे कारलं. ब्लडप्रेशरची म्हणजे मीठ. लग्न होऊन बरेच दिवस झाले पण बातमी नाही, अशा जोडप्यांचं जे काही असेल ते डिंक. आणि झोप लागत नाही, छाती धडधडते, रडू येतं, मन लागत नाही, या सगळ्यावरच्या गोळ्यांना जायफळ. नावं त्यांनी विचारपूर्वक दिली होती. अडचण एवढीच की ती नावं ते पूर्ण आवाजात उच्चारायचे. त्यांच्या मते नाव बदललं की गुपित सुरक्षित झालं, मग कुजबुजायचं कशाला?

त्यामुळे झालं असं, की ज्या गोष्टी लोकांना एरवी कळल्या नसत्या, त्या भाऊंच्या गुप्ततेमुळे सगळ्यांना कळू लागल्या. "पिंपळापुरे काकू, मीठ वाढलं हो तुमचं, डॉक्टरनं दुप्पट लिहिलं!" असं भाऊ ओरडले, की संध्याकाळपर्यंत चार घरांतून पिंपळापुरे काकूंकडे लोणच्याशिवायचं जेवण पोचायचं.

गोळ्यांच्या पट्टीवर नाव छापलेलं असतं, याचा भाऊंना फार राग होता. ते पट्टीतून एकेक गोळी टचकन बाहेर काढायचे, खाकी पाकिटात टाकायचे आणि पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या रेघा ओढायचे. नाव नाही, काही नाही. मी एकदा म्हटलं, "भाऊ, निदान आम्हाला तरी कळू द्या आम्ही काय गिळतो ते."

"तुम्हाले कळून काय करता? गोळीले कळते कुठं जाचं ते."

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, आणि भाऊंचं दुकान जोरात चालू लागलं. बाहेरून साहेबलोक आले, बदल्या आल्या, बढत्या आल्या, त्यांच्यामागून मीठ, कारलं, जायफळ सगळंच आलं. सरकारी माणसाला आपली बढती जितकी जाहीर करायची असते, तितकंच आपलं ब्लडप्रेशर लपवायचं असतं. मोठमोठे अधिकारी ड्रायव्हरला गाडी लांब उभी करायला सांगून चालत भाऊंकडे यायचे. भाऊ त्यांनाही ओरडून सांगायचे, "सर, आपका जायफल कल आएगा!" आणि साहेब स्वयंपाकाची फार आवड असल्यासारखा चेहरा करून परत जायचे.

मीही त्या राजधानीचा एक छोटा खिळा. फायलींवर 'चर्चा करें' असं लिहून त्या आलेल्या वाटेने परत पाठवण्याच्या कामात माझी उमेद गेली आणि सुरण आला. बसून बसून दुसरं काय येणार?

भाऊ असे का झाले, याबद्दल पाऱ्यात दोन पंथ होते. एका पंथाचं म्हणणं, की तरुणपणी कोणा कंपाउंडरच्या चोंबडेपणामुळे त्यांचं ठरलेलं लग्न मोडलं. दुसऱ्याचं म्हणणं, की खाकी पाकिटं त्यांनी एकदा घाऊक घेऊन ठेवली आणि ती संपेचनात. मी दुसऱ्या पंथाचा होतो.

आता जायफळाची गोष्ट.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, रायपूरजवळच्या उरल्याला एका रोलिंग मिलमध्ये हिशेब बघायचा. एका सकाळी कामावर गेला आणि तिथेच छातीत कळ येऊन संपला. त्याची मुलगी रेणू तेव्हा बारावीत होती. वहिनी रडली, मी रडलो, रेणू रडली नाही. ती जेवेना, झोपेना, पुस्तक उघडं ठेवून पंख्याकडे बघत बसायची. शेवटी वहिनीने तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. वहिनी पर्ची घेऊन भाऊंकडे गेली, भाऊंनी ती वाचली, आत गेले, खाकी पाकीट आणलं आणि या वेळी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, हळू आवाजात म्हणाले, "पोट्टीचं जायफळ आहे. सांभाळून." भाऊ हळू बोलतात म्हटल्यावर दुकानातल्या सगळ्यांनी कान टवकारले, आणि ते जायफळ संध्याकाळपर्यंत पाऱ्यात पोचलं.

वहिनीने ते फारच सांभाळलं. रेणूला तिने सांगितलं, की जायफळाच्या गोळ्या आहेत, झोप लागते. काही महिन्यांनी पोरगी हसायला लागली, जेवायला लागली, डॉक्टरांनी हळूहळू गोळ्या बंद केल्या. वहिनीने पर्ची जपून ठेवली नाही, फाडलीही नाही. पोरीच्या लग्नात आडवी येऊ नये म्हणून तिने ती निर्माल्यात गुंडाळली आणि बूढ्या तलावात सोडली. कोणाच्या औषधाच्या चिठ्ठीचं इतकं विधिवत विसर्जन झाल्याचं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मग रेणूने विमान चालवायचं मनात घेतलं. आमच्या घराण्यात विमान सोडा, चारचाकीसुद्धा नीट मागे घेता येणारा कोणी नाही. पण एका विमान कंपनीची योजना होती, की मुलं निवडायची, शिकवायची आणि वैमानिकाची नोकरी द्यायची. रेणू लेखी परीक्षा पास झाली, मुलाखत पास झाली. राहिली फक्त वैद्यकीय तपासणी. दिल्लीला मैत्रिणीच्या खोलीवर राहून ती तयारी करत होती. तिथून तिचा फोन आला. आमच्या घरातली ही पिढी मराठी समजते सगळी, उत्तर हिंदीत देते.

"काका, मेडिकल में पूछेंगे कि पहले कौन-कौन सी दवाई ली है. नींद की, टेंशन की, सब बताना है. मैं क्या लिखूँ? जायफल?"

मी हसलो. ती हसली नाही.

"काका, वो जायफल नहीं था ना?"

माझ्या हातात तेव्हा ऑफिसची फाईल होती. तिच्यावर 'चर्चा करें' लिहिता आलं असतं, पण या प्रश्नावर काय लिहिणार? मी म्हटलं, "नव्हतं बेटा."

"फिर क्या था?"

ते मला माहीत नव्हतं. वहिनीलाही माहीत नव्हतं. डॉक्टर केव्हाच रायपूर सोडून गेले होते, त्यांच्या दवाखान्याच्या जागी आता मोमो मिळायचे. पर्ची तलावात होती. पाऱ्यातल्या सगळ्यांना एवढं माहीत होतं की रेणूला जायफळ चालू होतं, आणि ते जायफळ म्हणजे नेमकं काय, हे फक्त एका माणसाला माहीत होतं.

वहिनीचं मत स्पष्ट होतं. "काही लिहू नको म्हणा तिले. कोणाले कळून राहिलं? भाऊ तर मेले तरी सांगत नाहीत."

मी सरकारी माणूस. मीही म्हटलं, की विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यावं, आणि तेही शक्यतो देऊ नये. रेणूने ते फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "काका, वो विचारतच तर आहेत!" रागात तिचं मराठी आपोआप बाहेर येतं.

तेव्हा मी भाऊंकडे गेलो. गिऱ्हाईक नाही असं पाहून गेलो आणि तोंडावर आडवा हात धरून, त्यांच्याच पद्धतीने विचारलं, "भाऊ, ते रेणूचं जायफळ. त्याचं खरं नाव काय होतं?"

"तुम्ही घेतलं होतं का?"

"मी कशाला घेऊ? मी तिचा काका."

"मंग सुरणाचं विचारा. ते तुमचं आहे."

दुसऱ्या दिवशी मी वहिनीला पुढे केलं. वहिनी पदर खोचून उभी राहिली. "मी माय आहो तिची!"

"हाव. ती लहान होती तवा तुमचं चाललं. आता पोट्टी मोठी झाली," भाऊ म्हणाले. "तिले येऊ द्या."

"अन् तिनं तिथं नाही म्हटलं, तर तुम्ही तर काही बोलणार नाही न?"

भाऊंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. "मी बोलत नाही ते वेगळं. तिले विचारलं अन् तिनं नाही म्हटलं, ते वेगळं. मी गप राहतो तर माहं दुकान चालते, बाई. तिले इमान चालवाचं आहे."

"काहून इतकं ताणून राहिले तुम्ही? फोनवर सांगा न पोरीले!"

"फोन कोणाच्या हातात असते, कोणाले ठाऊक?"

एवढ्यासाठी पोरगी दिल्लीहून रेल्वेने रायपूरला आली. मी तिला घेऊन दुकानावर गेलो. भाऊंनी आधी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं, मग मला म्हणाले, "तुम्ही भाईर." आणि शटर अर्धं खाली ओढलं.

मी भर दुपारी सदर बाजारच्या त्या गल्लीत, अर्ध्या शटरकडे बघत उभा. मला दिसत होते फक्त चार पाय. रेणूचे पांढरे बूट आणि भाऊंच्या झिजलेल्या चपला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, की या सुरणवाल्याला आता रस्त्यावर उभं करूनच औषध देतात.

भाऊ काय पुटपुटत होते ते मला ऐकू आलं नाही. ते रेणूलाही ऐकू येत नसावं, कारण बाहेर हॉर्न वाजत होते आणि ती दोनतीनदा म्हणाली, "अंकल, ज़ोर से." भाऊ जोरात बोलायला तयार नव्हते. मग रेणूचाच आवाज चढला, आणि तो मला काय, समोरच्या सराफालाही ऐकू गेला असेल.

"अंकल, दवाई मेरी थी. पूरे पारे को पता था मुझे कुछ हुआ है. बस मुझे ही नहीं पता था कि मैं खा क्या रही हूँ. ये कैसा सीक्रेट रखा आपने?"

चपला हलल्या. एक मागे गेली, मग दुसरी. मग मला वाटतं स्टूल सरकवल्याचा, खोके हलवल्याचा आवाज आला. शटर वर गेलं. रेणूच्या हातात एका औषधाचा रिकामा खोका होता, त्यावर नाव ठळक छापलेलं. भाऊंचा चेहरा, दुकानाबाहेर उन्हात कोणी उभं केल्यासारखा, उघडा दिसत होता. तोंडावर हात नव्हता.

"बेटा, हे नाव डॉक्टरले सांग," ते म्हणाले. "काहून घेतलं ते सांग, कवा बंद केलं ते सांग."

"और कंपनी वालों को? वो एचआर की मैडम भी पूछेगी."

भाऊंच्या चेहऱ्यावर जुनी चमक परत आली. "तपासणाऱ्या डॉक्टरले सगळं. बाकीच्याईले जायफळ!"

रेणू हसली. जाताना तिने त्यांना वाकून नमस्कार केला. इतकी भांडल्यावर ती असं काही करेल असं मला वाटलं नव्हतं, आणि भाऊंनाही नसावं. ते तिच्या डोक्यावर हात ठेवायचा सोडून काउंटर पुसायला लागले.

रेणूने तपासणीत सगळं सांगितलं. आणि व्हायचं तेच झालं. निकाल आला नाही. तिला मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं, कागद मागवले, आणखी थांबायला सांगितलं. तिच्याबरोबर निवडलेली मुलं शिकायला गेली आणि ही थांबली. दिल्लीची खोली सोडून रायपूरला परत आली. पंख्याकडे पुन्हा बघत बसते की काय, या भीतीने वहिनी पंखाच लावेना. त्या उन्हाळ्यात आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो की घामाने निथळत बसायचो, आणि रेणू म्हणायची, "मम्मी, मैं ठीक हूँ, पंखा तो चलाओ!"

वहिनीने मला एकदाच विचारलं, "नाही म्हटलं असतं तर आतापर्यंत उडाली असती न ती?" ते मलाही वाटत होतंच.

हे सगळं पाऱ्यात कसं पसरलं? भाऊंकडून नाही. वहिनीनेच पिंपळापुरे काकूंना विश्वासात घेऊन, नवस कुठल्या देवाला बोलावा हे विचारताना, सांगितलं होतं.

एका संध्याकाळी मी माझ्या सुरणासाठी दुकानात उभा होतो. आणखी पाचसहा गिऱ्हाइकं होती. पिंपळापुरे काकू त्यांच्या मिठाची वाट बघत शेजारणीला सांगत होत्या, "आता तूच सांग बाई. जायफळ खाल्लेल्या पोट्टीच्या हाती कोणी इमान देते का? उद्या वर गेल्यावर मन नाही लागलं तिचं, तर?"

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात काउंटरवर काहीतरी आपटलं. भाऊंनी काकूंच्या गोळ्यांचं पाकीट आपटलं होतं.

"काकू, मी जायफळ घेतो."

सगळ्या माना काउंटरकडे वळल्या.

"रोज घेतो. माही माय वारली तवापासून घेऊन राहिलो. तुमचं मीठ, यांचा सुरण, त्याईचं कारलं, एवढ्या वर्षांत कोणाची पुडी कोणाले गेली का? सांगा!"

कोणाचीच गेली नव्हती. भाऊंनी मग त्या गोळीचं खरं नाव घेतलं, मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून. त्या दुकानात एखाद्या औषधाचं खरं नाव उच्चारलं गेलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग तोंडावर हात धरून ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

लग्न मोडल्याचा पंथ त्या दिवशी बंद पडला, आणि माझाही. वर पाटीवर आईचं नाव होतं. आम्ही सगळे ते वर्षानुवर्षं वाचत होतो.

या प्रसंगाचा पाऱ्यावर खोल परिणाम झाला असं लिहायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी तीन माणसं दुकानात येऊन म्हणाली, "भाऊ, तुम्ही घेता तेच जायफळ आम्हालेही द्या." भाऊंनी त्यांना "पर्ची आणा!" म्हणून हाकलून दिलं. पिंपळापुरे काकूंनी मात्र रेणूसाठी मेथीचे लाडू पाठवले. आणि एक झालं, की भाऊ आता गोळ्या पट्टीसकट देऊ लागले. खाकी पाकीट वरून असायचंच, पण आत पट्टी, पट्टीवर नाव. "तुमचं आहे, तुम्ही वाचा," म्हणायचे. "मी वाचत नाही."

पावसाळा सरता सरता एका सकाळी रेणूचा फोन आला. मी ऑफिसात होतो. तिला नीट बोलता येत नव्हतं, म्हणून ती दोन्ही भाषांत एकदम बोलत होती. "काका, फिट! मी फिट! अगली बॅच में जाना है!" मी फाईल मिटली, तिच्यावर काहीही न लिहिता, आणि सुट्टी टाकून निघालो. वाटेत पेढे घेतले. घरी जायच्या आधी माझे पाय भाऊंच्या दुकानाकडे वळले.

दुकानात गर्दी होती. मी गर्दीतून घुसत, डबा उंच धरून ओरडलो, "भाऊ! आपली रेणू..."

भाऊंनी हात वर केला. काउंटरवरून इतके पुढे वाकले की त्यांचा चष्मा माझ्या कानाला लागला. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना सगळं कळलं होतं, त्यांचे डोळे भरले होते. पण कुजबुजले ते हेच, "तिले सांगू द्या न, साहेब. तिचं आहे."

मी डबा खाली घेतला. सगळं दुकान माझ्याकडे आणि डब्याकडे बघत होतं. पिंपळापुरे काकू तर डब्याच्या झाकणाला जवळजवळ हात लावून उभ्या. "काहो साहेब, पेढे कशाचे?"

मी भाऊंकडे पाहिलं. ते काउंटर पुसत होते.

"मूळव्याध बरी झाली माझी," मी म्हणालो, मोठ्याने, खऱ्या नावाने. "घ्या काकू, दोन घ्या."